‘शाळेजवळ’ म्हणजे नेमकं कुठे?

आमच्या शाळेच्या फाटकाअलीकडे आता एक गतिरोधक आहे. पिंपळाखाली ‘बस थांबा’ अशी पाटी आहे. या दोन गोष्टींसाठी अठरा महिने गेले. कुणी विचारलं की मी आधी अठरा महिने सांगते, मग माणसं हसतात, आणि मग आपापल्या गावातलं काहीतरी सांगू लागतात.

उत्तर गोव्यातल्या एका नगरपालिकेच्या गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार ते सगळे मला रोज बाजारात भेटतात, आणि त्यांतल्या एकाचा नातू माझ्या दुसरीच्या वर्गात आहे.

शाळा बाजाररस्त्यावर आहे. फाटकातून बाजाराच्या दिशेनं सत्तर पावलं गेलं की पिंपळ. बस तिथे थांबायची; मी नोकरीला लागले तेव्हापासून, आणि माझ्या आधीच्या बाई सांगायच्या की त्यांच्या आधीपासून. लॉकडाऊन संपल्यावर पिंपळाखाली एक भज्यांचा गाडा आला. मग ऑम्लेटचा आला, मग उसाच्या रसाचा. पाच गाडे झाल्यावर बसला तोंड घालायला जागा उरली नाही. ती थोडी पुढे थांबू लागली. वर्षभरात ‘थोडी पुढे’ होत होत २०२३ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बसचं दार आणि आमचं फाटक समोरासमोर आलं होतं.

खाजगी बस एकामागे एक येतात, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. पुढची भाडं घेत उभी, मागची तिला ओलांडून पुढे घुसते, कंडक्टर दारात लटकून ‘फाटीं वच, फाटीं वच’ ओरडत असतो, आणि आमची पोरं त्या दोन बसच्या फटीतून रस्ता ओलांडतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलीतला एक मुलगा छत्री डोक्यावर ओढून असाच बाहेर आला. मोटरसायकलवर भाड्यानं माणसं नेणारा, आमच्याकडे त्याला पायलट म्हणतात, त्यानं ब्रेक दाबला, ओल्या रस्त्यावर तो घसरला, गुडघा सोलवटून घेतला. मुलाला काही झालं नाही. छत्री बसच्या चाकाखाली गेली. पायलट उठून आधी त्या पोराकडे धावला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘बाई, हें चालचें ना.’’

मी सरकारी नोकर. पालिकेकडे तक्रारी करत फिरणं मला नियमात बसत नाही. म्हणून भाग शिक्षणाधिकाऱ्यांना रीतसर पत्र लिहून कळवलं आणि मूळ अर्ज पालक-शिक्षक संघाच्या नावे केला. मजकूर माझा, सही संघाच्या अध्यक्षांची. खाली चौऱ्याऐंशी पालकांच्या सह्या, आखीव वहीची चार पानं. मागणी दोन ओळींची: बस पूर्वीप्रमाणे पिंपळाखाली थांबवावी, आणि शाळेजवळ गतिरोधक घालावा.

हा ‘शाळेजवळ’ शब्द मीच लिहिला होता. तो पुढे किती महाग पडणार, हे तेव्हा कळलं नाही.

अर्ज मराठीत होता. आवक खिडकीवरच्या कारकुनानं तो उलटसुलट करून ‘‘इंग्लिशींत ना?’’ असं विचारलं. मी म्हटलं, १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीलाही जागा आहे. त्यानं मान हलवली, शिक्का मारला, आवक क्रमांक घातला. वाद नव्हता, त्याला बहुतेक पुढच्या टिपणीचं भाषांतर करायचा कंटाळा होता. शिक्क्याची पोच मात्र मी झेरॉक्स काढून दोन ठिकाणी ठेवली. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी हे तेवढं करावं. तोंडी सांगितलेलं पालिकेच्या जिन्यावरून खाली उतरेपर्यंत टिकत नाही.

पाच आठवडे काहीच नाही. मग एका दुपारी शाळा सुटल्यावर मी पालिका अभियंत्यांना भेटायला गेले. मनुष्य सज्जन. चहा मागवला आणि कोऱ्या कागदावर आमचा रस्ता काढून दाखवला. डांबर सार्वजनिक बांधकाम खात्याचं. गटार पालिकेचं, गटारावरच्या लाद्याही पालिकेच्या. वीजखांब वीज खात्याचा. पिंपळाजवळची मोडकी शेड आमदारनिधीतली, म्हणजे बांधली एकानं आणि सांभाळायची दुसऱ्यानं. आणि बस कुठे थांबावी, गाड्या कुठे उभ्या करू नयेत, गतिरोधक कुठे असावा, याची अधिसूचना काढायची ती जिल्हाधिकाऱ्यांनी, मोटार वाहन कायद्याखाली. ‘‘मग तुमचं काय?’’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘‘आमचो थाराव.’’

तो कागद मी मागून घेतला. अजून आहे. सत्तर पावलांच्या रस्त्याला इतके धनी असतील असं मला तिसरी-चौथीला नागरिकशास्त्र शिकवूनही ठाऊक नव्हतं.

मी रात्री बसून कायदा वाचला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ११५ वाहनांवर निर्बंध घालण्याचं, ११६ फलक लावण्याचं, ११७ थांबे आणि वाहनतळ ठरवण्याचं. ११७ मध्ये म्हटलंय की थांबे ठरवताना स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करावी. अभियंत्यांच्या ‘थारावा’चा अर्थ तो. पालिकेला स्वतःहून बस हलवता येत नाही, पण पालिकेचा ठराव असेल तर पुढच्या फायलीला पाय फुटतात.

माझं माहेर पंचायतीच्या गावात. तिथे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या एखाद्या रविवारी ग्रामसभा असते. माझा भाऊ उठून सरपंचांना विचारतो, रस्त्यावरचा दिवा का बंद; भांडण होतं, पण इतिवृत्तात ओळ येते. शहरात तशी सभाच नाही. प्रभाग समित्यांची तरतूद ७४ व्या घटनादुरुस्तीत आहे, पण तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या ठिकाणी सक्तीची. गोव्यातली कुठलीही पालिका तेवढी मोठी नाही. म्हणजे गावाची पालिका झाली की घरपट्टी वाढते आणि उठून बोलायची जागा जाते. माझ्या भावाला हे सांगितलं तर तो खूश झाला.

मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. २०२३ मध्ये चवथ १९ सप्टेंबरला होती. आमच्याकडे आधीचे चार-पाच दिवस बाजाररस्त्यावर माटोळीचा बाजार भरतो. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगायची चौकट. आसपासच्या गावांतल्या बायका सुपारीचे कात्रे, आंबाडे, कवंडळं, चिबूड, तोरिंगं घेऊन रस्त्याच्या दोन्ही कडेला बसतात. एका संध्याकाळी पालिकेची माणसं आली. दोन रिकामे ड्रम, मध्ये सुंभाची दोरी, दोरीला पुठ्ठा. वाहतूक पोलिसानं शिट्टी वाजवली आणि सगळ्या बस बाजाराच्या पलीकडच्या टोकाला गेल्या. शाळेसमोरचा रस्ता पाच दिवस मोकळा. फक्त त्या पाचांतले बहुतेक दिवस शाळेला चवथीची सुट्टी होती!

मी त्या ड्रमकडे बघत उभी राहिले. महिनाभराच्या आतल्या निर्बंधाला राजपत्रातली अधिसूचना लागत नाही, हेही त्याच ११५ मध्ये आहे. म्हणजे कायद्यानं सगळं नीट होतं. पण बस हलवायला प्रत्यक्षात किती मेहनत लागते ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं: दोन माणसं, पंधरा मिनिटं.

नोव्हेंबरमध्ये संघाच्या अध्यक्षांनी माहिती अधिकारात अर्ज घातला. दहा रुपये शुल्क. प्रश्न एकच ठेवला: आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर आजपर्यंत कोणी काय टिपणी लिहिली, त्यांच्या प्रती द्याव्यात. ‘का केलं नाही’ असं विचारू नये. त्या ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधलेले नसतात. टिपणी मात्र द्यावी लागते. तीस दिवसांची मुदत, उत्तर सत्ताविसाव्या दिवशी आलं. टिपणी एकच होती, जूनमधलीच: ‘चर्चेसाठी ठेवावे.’ त्याखाली कुणाची तरी आद्याक्षरं. जून ते नोव्हेंबर फाईल चर्चेसाठी ठेवलेली होती.

त्या अर्जाचा एक परिणाम झाला. जानेवारीच्या बैठकीच्या कार्यपत्रिकेत आमचा विषय आला. बैठकीला बसू द्यावं म्हणून मी मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारलं. त्यांनी मागच्या बाकावर जागा दिली. आमच्या विषयाचा क्रमांक अकरावा. त्याआधी कचऱ्याच्या गाडीवर पाऊण तास आणि बाजारातल्या सोप्याच्या लिलावावर एक तास गेला. सोपो म्हणजे बाजारात बसणाऱ्याकडून रोजच्या रोज घ्यायची जागेची पट्टी. पालिका तिचा ठेका देते. बाहेरच्या वाचकांना वाटेल की रस्त्याच्या गोष्टीत सोपो कुठून आला. थांबा, येईल.

अकराव्या विषयाला सहा मिनिटं मिळाली. एक नगरसेवक म्हणाले, मुलांचा प्रश्न आहे, विरोध करायचं कारण नाही. दुसऱ्यांनी अनुमोदन दिलं. नगराध्यक्षांनी मला उद्देशून ‘‘जालें मगो, बाई?’’ म्हटलं. मी हात जोडले. घरी येऊन गोड शिरा केला.

पंधरा दिवसांनी ठरावाची प्रत हातात आली. ‘बाजाररस्त्यावर शाळेजवळ योग्य ठिकाणी गतिरोधक घालण्यास व बसथांब्याची योग्य व्यवस्था करण्यास संबंधित खात्यांना कळवावे.’

फेब्रुवारीत संयुक्त पाहणी झाली. बांधकाम खात्याचे कनिष्ठ अभियंते टेप घेऊन, वाहतूक पोलिसांचे उपनिरीक्षक, पालिका अभियंते, संघाचे अध्यक्ष आणि मधल्या सुट्टीत धावत गेलेली मी. ‘योग्य ठिकाणी’ म्हणजे कुठे, यावर पहिली वीस मिनिटं. उपनिरीक्षक म्हणाले, फाटकाच्या अगदी समोर नको, बाजाराच्या बाजूला थोडा अलीकडे हवा, म्हणजे गाडी फाटकाशी येईपर्यंत मंदावलेली असेल. त्यांचं बरोबर होतं. पण तिथे समोर हार्डवेअरचं दुकान, आणि शेठ बाहेर आले: इथे गतिरोधक झाला तर माझ्याकडे ट्रक लागणार कसा? दहा पावलं पुढे सरकलो तर एक घरमालक. अवजड गाड्या उडाल्या की माझ्या मातीच्या भिंतींना भेगा जातील. त्याचंही खोटं नव्हतं, घर जुनं आहे. आणखी पुढे गेलो तर हायस्कूलचं फाटक आलं. तिथे आधीपासूनच एक गतिरोधक आहे. कनिष्ठ अभियंते ठरावाची प्रत बघून शांतपणे म्हणाले, ‘‘शाळेजवळ आहेच की एक.’’

मी काही बोलू शकले नाही. त्यांच्या हातातल्या कागदावर ‘शाळा’ होती, कुठली ते नव्हतं.

बसथांब्याचं त्याहून वाईट. पिंपळाखाली गेलो तर पाच गाडे. भज्यांवाल्या काकींनी तेलातला झारा बाजूला ठेवला, गाड्याच्या खालच्या खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि सोप्याच्या पावत्या उपनिरीक्षकांसमोर धरल्या. महिन्या-महिन्याचे गठ्ठे, रबर लावलेले. ‘‘हांव दर दिसा पयशे दितां. म्हजी सुवात कशी न्हय?’’ सुवात म्हणजे जागा. पालिका अभियंते पिंपळाकडे बघू लागले. ज्या जागेवर बस थांबवायचा ठराव पालिकेनं केला, त्याच जागेचे पैसे पालिकेचा ठेकेदार रोज उकळत होता. पाहणीच्या अहवालात शेवटी ‘फेरप्रस्ताव यावा’ एवढंच लिहिलं गेलं.

संध्याकाळी काकी शाळेत आल्या. भांडायला आल्या असं वाटलं. त्यांनी मला बजावलं की त्यांची नात पुढच्या वर्षी आमच्याकडेच पहिलीत येणार, त्यांनाही बस शाळेच्या फाटकाशी नकोच आहे. पण जायचं कुठे, ते कुणी सांगत नाही. ‘‘तुम्ही अर्ज बरयतात मगो, म्हाका एक बरोवन दियात.’’

तर मी त्यांचाही अर्ज लिहिला. २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचला त्यासाठी. हलवण्याआधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. शहर विक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेतेच असावे लागतात. आमच्याकडे ती समिती होती म्हणे. तिच्या बैठकीला गेलेला विक्रेता मला भेटला नाही. पर्यायी जागा दिल्याशिवाय आम्हांला हलवू नये, असा पाच गाड्यांचा अर्ज मी माझ्या हातानं लिहिला, आणि गाडे हलवून बस पिंपळाखाली न्यावी, असा संघाचा दुसरा अर्जही. दोन्ही एकाच सकाळी आवक खिडकीवर गेले. कारकुनानं दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, अक्षर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता दोनदा शिक्का मारला. तेव्हापासून तो मला बसायला स्टूल देतो.

नवऱ्यानं विचारलं, तू नेमकी कुणाच्या बाजूनं? मला त्या दिवशी नीट सांगता आलं नाही.

फेरप्रस्ताव मार्चच्या बैठकीत यायचा होता. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. बैठक नाही, ठराव नाही, पाहणी नाही. ७ मेला गोव्यात मतदान. त्या दिवशी मीही एका केंद्रावर मतदान अधिकारी म्हणून बोटांना शाई लावत बसले होते. जूनमध्ये निकाल आणि पाऊस एकाच सुमाराला. पावसात डांबराचं काम होत नाही, हॉटमिक्सचे प्लांट बंद असतात, त्यामुळे घाई करण्यात अर्थ नव्हता. मला हे बरंच वाटलं. कारण मला आता वेळ हवा होता, शब्दांसाठी.

जूनच्या एका उघडिपीत मी, अध्यक्ष आणि आमचा शिपाई, टेप घेऊन रस्त्यावर उतरलो. फाटकापासून बाजाराच्या बाजूचा दुसरा वीजखांब, त्यावर रंगवलेला क्रमांक एकोणीस. तिथून हार्डवेअरच्या शटरपर्यंत अंतर मोजलं. खांबाशी गतिरोधक आला तरी ट्रक मागे लागू शकतो. शेठना बोलावून दाखवलं. ते दोनदा स्वतः चालून आले आणि ‘‘हांगा चलता’’ म्हणाले. त्यांच्याकडून ते कागदावर घेतलं. मातीच्या घरापासून खांब बराच लांब. उंचीबद्दलही लिहायचं ठरवलं, कारण आपल्याकडे गतिरोधक म्हणजे बऱ्याचदा पाठीचा मणका मोडणारा बांध. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात, ताशी पंचवीस किलोमीटरनं गाडी जावी म्हणून, ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची दिली आहे. ती तशीच घातली. अलीकडे फलक, वर पांढरे पट्टे.

थांब्यासाठी: ‘वीजखांब क्रमांक २२ ते २४ यांच्या मधील जागा, पिंपळाच्या बाजारमुखी बाजूस.’ आणि गाड्यांसाठी: ‘जुन्या शेडच्या मागील पालिकेच्या मोकळ्या जागेत पाच जागा आखून दिल्यानंतर.’ ‘दिल्यानंतर’ या शब्दासाठी काकी आणि अध्यक्ष माझ्या व्हरांड्यात तासभर हुज्जत घालत होते. अध्यक्षांना ‘देऊन’ हवं होतं. काकी म्हणाल्या, ‘देऊन’ म्हटलं की ते आधी हलवतील आणि मग देत बसतील. त्यांना शाळेत चौथीपुढे जाता आलं नव्हतं.

मसुदा घेऊन मी आमच्या नगरसेवकांकडे गेले आणि म्हटलं, भाऊ, यातला एकही शब्द बदलू नका, खांबाचे आकडे तर नाहीच. जुलैच्या बैठकीत ठराव तसाच्या तसा गेला. या वेळी चर्चा दोनच मिनिटं झाली. मी शिरा केला नाही.

पुढचं सरळ गेलं. ऑगस्टमध्ये दुसरी पाहणी. टेप उघडून सगळे थेट एकोणिसाव्या खांबाकडे गेले, वाद घालायला काही नव्हतं. सप्टेंबरमध्ये पुन्हा चवथ, पुन्हा तेच दोन ड्रम. ऑक्टोबरमध्ये जिल्हाधिकाऱ्यांची अधिसूचना निघाली. तिच्यात खांबांचे क्रमांक वाचताना मला आमच्या शिपायाचा टेप धरलेला ओला हात आठवला. गाड्यांच्या जागा नोव्हेंबरअखेर चुन्यानं आखल्या गेल्या, गाडे हलले, आणि डिसेंबरच्या एका रात्री बांधकाम खात्याचा रोलर आला. सकाळी मुलं त्या नव्या उंचवट्यावर उड्या मारत होती, त्यांना हाकलायला मलाच जावं लागलं.

बस बहुतेक पिंपळाखाली थांबतात. जोराचा पाऊस असला की एखादी अजून आमच्या फाटकाशी दार उघडते. आत कुणी म्हातारं माणूस असतं, मी ओरडत नाही. पांढरे पट्टे पहिल्याच पावसाळ्यात निम्मे धुऊन गेले. त्यासाठीचा अर्ज घालून झाला आहे.

काकींचा धंदा मात्र पडला. शेडच्या मागे बसमधून उतरणाऱ्याला गाडा दिसत नाही, वासावर येईल तेवढंच गिऱ्हाईक. निम्मं झालंय म्हणतात. मी शाळा सुटल्यावर मिरचीभजी घेते, आमच्या सगळ्या शिक्षिका घेतात, पण त्यानं घर चालत नाही. गेल्या आठवड्यात त्या पुन्हा शाळेत आल्या. नात हाताशी होती, पहिलीचं दप्तर पाठीवर. शेडच्या पुढच्या कोपऱ्यात, थांब्याला आड न येता, एक जागा निघते असं त्यांनी हेरलं होतं. मी कागद घेतला आणि लिहू लागले, ‘शेडजवळील मोकळ्या...’

काकींनी कागदावर बोट ठेवलं.

‘‘खांब्याचो नंबर घालात, बाई.’’